जनगणनेतून व्यवसायाचा प्रश्न काढून टाकायचा म्हणे!

लेंड्रा पार्ककर: काल आपल्याच ग्रुपवर एका महाशयांनी लिहिलं, "पॅन, पीएफ, जीएसटी, सगळं सरकारजवळ आहे. मग जनगणनेत दारोदार जाऊन 'काय काम करता' विचारायचं नाटक कशाला? तो प्रश्नच काढा." आणि त्यावर लाइकांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो.

पीएफ कोणाचा कापला जातो, भाऊ? कामठीत घरी बसून बिड्या वळणारीचा? नागपुरात कळमन्याच्या बाजारात सीझनपुरती संत्री निवडून पेट्या भरणाऱ्या बायांचा? ही माणसं तुमच्या त्या 'सगळं आहे'मध्ये कुठंच नाहीत. जनगणनेत कामाची व्याख्या पगारावर चालत नाही. घरच्या शेतात, दुकानात फुकट राबलं तरी ते काम. २०११ मध्ये तर घरच्यापुरतं दूध काढणारीही काम करणाऱ्यांत धरली. वर्षातून सहा महिने काम असेल तर मुख्य, त्याहून कमी असेल तर सीमांतिक. इतकं बारीक दुसरं कोण घरोघरी जाऊन विचारतं? २०२१ ची हुकली, आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक, म्हणजे त्या दिवशीची मोजणी. तेव्हाही हा प्रश्न गाळायचा म्हणता?

जुना प्रगणक: व्याख्या वाचायला गोड आहे. मी २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी घरोघरी फिरलो आहे. सूचना अशा की नुसतं 'नोकरी', 'मजुरी', 'धंदा' लिहू नका, नेमकं काम लिहा. आणि माणूस फाटकावरूनच ओरडतो, "प्रायव्हेट जॉब लिहा न जी." कंपनीत काय करता विचारलं की, "तुम्हाले काय करायचं आहे?" बायकोबद्दल विचारा, "ते काही करत नाही." मागं ती माउली मेसचे डबे भरून राहिली! त्यात आम्हा मास्तरांची फरफट. जनगणना, मतदार यादी, निवडणूक, जो येईल तो सर्व्हे. मधल्या वेळात शिकवायचंही असते म्हणे.

हिंगणा शिफ्ट: सर, ड्युटीचं रडगाणं दुसऱ्या धाग्यावर. इथं मुद्दा वेगळा आहे. माझा लहान भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर, दिवसभर बाइकवर पार्सल पोचवते. आई छातीठोकपणे 'इंजिनिअर' सांगणार. असल्या आकड्यांवर बेरोजगारीचं काय कळणार? त्या पोस्टवाल्याचं अर्धं तरी बरोबर आहे.

लेंड्रा पार्ककर: डिग्री शिक्षणाच्या रकान्यात जाते. कामाच्या रकान्यात पार्सल पोचवणं. दोन्ही खरं लिहिलं तरच दिसेल ना की इंजिनिअर पार्सल वाटून राहिले.

हिंगणा शिफ्ट: आईले तुम्हीच सांगा येऊन.

संत्रेवाला, मु. मनीषनगर: मी बँकेतून रिटायर झालो. काटोलकडे वडिलोपार्जित बाग आहे, सातबारा माझ्या नावावर. मी शेतकरीच लिहिणार. कोणाची हरकत?

काटोल रोड: आहे हरकत. बाग तुम्ही स्वतः पाहता का ठेक्यानं दिली?

संत्रेवाला, मु. मनीषनगर: ठेक्यानं दिली. मग? मालक मीच.

काटोल रोड: मग जनगणनेच्या हिशेबानं शेतकरी तो ठेकेवाला. तिथं सातबारा नाही पाहत, कसते कोण ते पाहतात. तुम्ही पेन्शनर.

संत्रेवाला, मु. मनीषनगर: काहून बे? माझ्या बापानं त्या बागेत विहीर खोदली. कोळशी आन् डिंक्या, हे संत्र्याचे रोग मले शिकवू नको. ऑफिसात बसून शेतकरी ठरवणारे तुम्ही कोण?

काटोल रोड: 'बे' घरी ठेवा, काका. मी ठेक्यानं बाग करणाऱ्याचा पोरगा आहे. आंबिया बहाराची फळं गळाली की नुकसान आमचं, आणि गावात 'शेतकरी' म्हणून सत्कार तुमचा. हे लहानपणापासून पाहून राहिलो.

लेंड्रा पार्ककर: म्हणूनच हा प्रश्न हवा. देशात २००१ ला १२.७३ कोटी शेतकरी होते, २०११ ला ११.८८ कोटी. शेतमजूर मात्र १०.६८ वरून १४.४३ कोटी. सातबारा असणारा प्रत्येक जण 'शेतकरी' लिहू लागला तर हा बदल दिसलाच नसता.

जुना प्रगणक: एक दुरुस्ती, काकांच्या बाजूनं. स्वतः नांगर धरलाच पाहिजे असं नाही. पिकाची जोखीम तुमची असेल आणि तुम्ही देखरेख करत असाल, तरी शेतकरी धरतात.

काटोल रोड: मान्य. पण हुरड्याला मित्र घेऊन येणं ही देखरेख नव्हे.

खामल्याची काकू: दोघंही बाप्ये जमिनीवरून भांडून राहिले. त्या ठेकेवाल्याची बायको पहाटेपासून बागेत असते, तिला काय लिहिणार? 'गृहिणी' ना?

काटोल रोड: आईला २०११ मध्ये 'घरकाम'च लिहिलं होतं. बाबांनीच सांगितलं तसं. तुमचं बरोबर आहे, काकू.

संत्रेवाला, मु. मनीषनगर: खरी गोष्ट कोणी बोलत नाही. ठेक्याचा कागद कोणी करत नाही, कारण कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागण्याची भीती. विदर्भाचा १९५८ चा कूळकायदा आठवतो का? उद्या ठेकेवाल्यानं जनगणनेत 'मी कसतो' लिहिलं आणि ते कोर्टात दाखवलं तर?

लेंड्रा पार्ककर: नाही दाखवता येत. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ वाचा. त्यातली नोंद पुरावा म्हणून चालत नाही, कोणाला पाहायलाही मिळत नाही.

संत्रेवाला, मु. मनीषनगर: कायदा पुस्तकात असते, तलाठी गावात असते.

हिंगणा शिफ्ट: हे मात्र काका लाख बोलले.

संत्रेवाला, मु. मनीषनगर: लिहा बाप्पा पेन्शनर. आता एवढं सांगा, मृग बहाराचे पैसे ठेकेवाल्यानं अजून दिले नाहीत, ते जनगणनावाले वसूल करून देतात का?

काटोल रोड: आधी विहिरीची मोटर दुरुस्त करून द्या म्हणावं, मग पैसे मागा.