पोरांच्या बाईंना आपण नक्की मान देतो का? की नुसती साडी देतो?

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

परवा रात्री पावणेअकराला लेकीच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर राडा झाला. कारण काय, तर परिसर अभ्यासाच्या पेपरात एका पोराचा अर्धा मार्क कापला. नदीकाठी वस्ती का झाली, असा प्रश्न होता, त्याने स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं आणि एक मुद्दा राहिला म्हणून बाईंनी अर्धा कापला, बास एवढंच. त्यावर पेपरचा फोटो, मग दुसऱ्या पोराच्या पेपरचा फोटो, मग 'हिला बीएड कोणी दिलं', मग 'फी भरतो आपण, सगळ्यांनी मिळून प्रिन्सिपलना मेल टाकू'. चाळीसेक मेसेज झाले असतील. आणि गंमत बघा, ह्याच ग्रुपने गुरुपौर्णिमेला दीडदीडशे रुपये काढून ह्याच बाईंना साडी दिली होती, पोरं पाया पडतायत तो फोटो अजून ग्रुपच्या डीपीला आहे.

दुसऱ्या दिवशी मावसबहिणीशी बोलले, ती फिनलंडला असते, तांपेरेला. तिला सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिचा मुलगा त्याच्या बाईंना सरळ नावाने हाक मारतो, बाई नाही, मॅडम नाही, काही नाही, तिथे सगळीच मुलं तसं करतात. आधी हिला कसंतरीच झालं म्हणे. पण चार वर्षांत एकाही पालकाने बाईंना 'असं का शिकवता' म्हणून विचारलेलं तिने पाहिलं नाही. तिथे प्राथमिकच्या वर्गशिक्षकालाही मास्टर्स डिग्री लागते, त्या कोर्सला प्रवेश मिळणं महामुश्कील, आणि एकदा शिक्षक झालात की वर्गात काय, कसं, कुठल्या पुस्तकातून घ्यायचं हे बरंचसं तुमचं तुम्ही ठरवा. शाळा तपासायला येणारे इन्स्पेक्टर त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद केले. बारावीच्या सुमाराची एक परीक्षा सोडली तर देशपातळीवरची परीक्षाच नाही.

तर माझा प्रश्न असा, की पाया पडणारे आपण आणि नावाने हाक मारणारे ते, ह्यात मान कोण देतं? आणि दुसरं म्हणजे असे देश शिक्षकांमुळे तसे झाले, की समाज आधीच तसा होता म्हणून शिक्षकांना बरे दिवस आले? नळस्टॉपला रोज राँग साइडने अंगावर येणारा माणूस बघते तेव्हा वाटतं ह्यालाही कोणीतरी शिकवलंच असेल ना.

पेठेतला_कट्टेकरी

फिनलंडचं कौतुक ऐकून कान किटले ताई. पिसा नावाची पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, तिच्यात ते २००६ ला गणितात ५४८ वर होते, २०२२ ला ४८४. आणि ५५-५६ लाखांचा देश तो, २०११ च्या जनगणनेत आपला पुणे जिल्हाच ९४ लाखांचा होता. तुलना करायचीच तर जरा बरोबरीच्याशी करा.

बाकी अर्ध्या मार्कावरून चाळीस मेसेज, हे मात्र अस्सल पुणेरी. आवडलं.

मावळातले_गुरुजी

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढली, शेवटची सात वेल्ह्याच्या डोंगरात, दोन शिक्षकी शाळा, पट एकवीस. मानाचं विचाराल तर भरपूर मिळाला. पहिलं भाताचं खाचर कापलं की पायलीभर तांदूळ दारात यायचा, नको म्हटलं तर माणसं रागवायची. जमिनीची भांडणं, सोयरीक, दवाखान्याची चिठ्ठी वाचणं, सगळ्याला गुरुजी.

पण ह्या मानाचं वर्गात काय व्हायचं ते ऐका. सकाळी पोषण आहाराचा तांदूळ मोजा, खिचडीची नोंद करा, मग ऑनलाइन माहिती भरा, रेंज नाही म्हणून खिंडीत जाऊन उभे राहा, त्यात बीएलओचं, म्हणजे निवडणुकीच्या बूथ अधिकाऱ्याचं काम, मतदार याद्या, वरून फोन की 'आत्ताच्या आत्ता माहिती पाठवा'. आमचा जोडीदार शिक्षक रजेवर असला की मी खिंडीत आणि एकवीस पोरं चौथीच्या एका पोरीच्या ताब्यात. ती पोरगी फार हुशार, फळ्यावर पाढे लिहून सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची. तिचा स्वतःचा अभ्यास कधी झाला हे मला विचारू नका, ते माझ्या मनाला अजून लागतं.

आता गंमत सांगतो. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणावर नेमलेल्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण द्या ही मागणी सगळ्यांना माहीत असते, पण मास्तरांबद्दलही त्यांनी लिहिलंय. शिक्षक ट्रेनिंग घेतलेला हवा, शेतकरी वर्गातून आलेला हवा, पगार महिना बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. आणि पुढे असं, की मास्तराला गावच्या हिशोबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, पोस्टाचं काम असलं काहीतरी जोडून द्या म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल! म्हणजे जोतीरावांना जादा काम द्यायचं होतं ते मास्तराची पत वाढावी म्हणून, तेही चांगल्या पगारावर. आमच्या वाट्याला आलं ते, दुसरा कोणी रिकामा सापडत नाही म्हणून. शिक्षण हक्क कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. पण त्या तीन शब्दांत काय काय बसवता येतं हे आमच्या पंचायत समितीकडून शिकावं.

तुमच्या बहिणीच्या बाईंना पायलीभर तांदूळ कोणी देत नसेल, पण खिंडीत उभंही करत नसतील.

ओसाका_रिटर्न

मी कंपनीच्या कामाने जपानला पाच वर्षं होतो, मुलगा तिथल्या सरकारी शाळेत पहिली ते चौथी. सगळ्यात आधी, शाळेत शिपाई पोरांचा वर्ग झाडत नाही, पोरं स्वतः झाडतात, फडकी पिळून फरशी पुसतात, जिनेसुद्धा. दुपारचं जेवण पोरंच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वाढतात आणि सेन्सेई, म्हणजे बाई, त्याच वर्गात तेच जेवण जेवतात. माझा मुलगा पहिल्या आठवड्यात सूप सांडून रडत बसला होता, तर बाईंनी फडकं आणून त्याच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः घेतलं, दोघं मिळून पुसत बसले. ओरडा नाही, 'असू दे बाळा' पण नाही. हे माझ्या डोक्यातून जात नाही. वर्ष सुरू झालं की बाई घरी पण येऊन गेल्या, दहा मिनिटं बसल्या, पोराची झोपायची जागा, अभ्यासाची जागा बघितली.

म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर, शिक्षकांमुळेच, असं आहे. रस्त्यावर कागद न टाकणारा माणूस त्या फडक्यातून तयार होतो, भाषणातून नाही. परत आल्यावर इथल्या शाळेत मी मीटिंगमध्ये सहज म्हटलं की आठवड्यातून एकदा पोरांना वर्ग झाडू द्या, तर एक आई म्हणाल्या, 'आम्ही काय झाडू मारायला पाठवतो का?' आणि दुसरे एक गृहस्थ, जरा हळू आवाजात, की कुणाच्या पोरांना झाडू दिला जायचा हे आम्हाला माहितीये. त्या दुसऱ्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

आणि कट्टेकरींना दारूगोळा मिळावा म्हणून हेही सांगतो, की तिथले शिक्षक मरमर मरतात. १९७१ च्या एका कायद्याने त्यांना ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या चार टक्के जादा मिळायचे, मग शाळेत रात्री नऊपर्यंत बसा नाहीतर रविवारी पोरांच्या मॅचला जा. आता नवी पोरं त्या नोकरीकडे वळेनात म्हणून सरकारच्या तोंडाला फेस आलाय. कोरियात तर, जिथे शिक्षकाच्या सावलीवरही पाय देऊ नये अशी म्हण आहे, तिथे २०२३ मध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेतल्या तरुण शिक्षिकेने आत्महत्या केली आणि पालकांच्या तक्रारींचा जाच हा विषय पेटला. हजारो शिक्षक काळे कपडे घालून रस्त्यावर बसले, शेवटी कायदे बदलावे लागले. त्यामुळे पालक ग्रुप हा काही आपलाच शोध नाही.

मागच्या_बाकावरचा

सगळे 'पूर्वी मान होता' ह्या सुरात चाललेत म्हणून लिहितो. कोणाला होता? बुधवारात दगडूशेठच्या समोर भिडेवाडा होता, डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, आता स्मारक होतंय. १८४८ ला तिथे मुलींची शाळा निघाली, आणि शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर ह्याच शहरातल्या लोकांनी शेण-चिखल फेकला, त्या बदलायला जादा साडी घेऊन जायच्या. तेव्हाही पुण्यात गुरूच्या पाया पडत होतेच की लोक. फक्त कोणता गुरू आणि कोणाला शिकवणारा, हे बघून.

आणि आमच्या शाळेतला मान म्हणजे भीती होती. एक सर डस्टर फेकून मारायचे, नेम चांगला होता, पण नेम कायम शेवटच्या दोन बाकांवरच. पुढे डॉक्टर-वकिलांची पोरं बसायची, तिकडे डस्टर कधी गेला नाही. त्या सरांचा निरोप समारंभ झाला तेव्हा लोक रडले. मी नाही गेलो. माझ्या मुलीच्या बाईंना ती उलट प्रश्न विचारते आणि बाई उत्तर देतात, मला हे जास्त आवडतं, भले ती पाया पडो न पडो.

तासिकावाला

गुरुजींचे बारा रुपये वाचून हिशोब करत बसलो. मी सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. सकाळी एक हडपसरच्या बाजूला, दुपारी दुसरं चाकण रोडला, मधे पोटात वडापाव. बिल निघतं तेव्हा निघतं, मे-जूनला काही नाही. हातात किती पडतात ते लिहीत नाही, मोठा भाऊ पण इथे वाचतो.

पुण्याला ह्या गोष्टीचा अभिमान फार. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फर्ग्युसनमध्ये वीस वर्षं पंचाहत्तर रुपयांवर शिकवलं हे आम्हाला प्रत्येक संस्थाचालक ऐकवतो. अहो पण ते त्यांनी स्वतःहून घेतलेलं व्रत होतं, आणि संस्था त्या आजीव सदस्यांचीच होती, तेच चालवायचे. आम्हाला साधं टाइमटेबल कोणी विचारत नाही. आणि त्याच गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं, ते पुढच्या वर्षी पडलं, हे मात्र कोणी ऐकवत नाही.

माझी बहीण झेडपीत शिक्षण सेवक म्हणून लागली, तेव्हा मानधन सहा हजार होतं, २०२३ ला सोळा झालं, तेही तीन वर्षं. त्याच काळात अलका चौकात क्लासवाल्या सरांचे वीस फुटी फ्लेक्स, 'सर तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत'. म्हणजे शिक्षकाला मान आहेच हो. फक्त तो गॉगल घालून फ्लेक्सवर असायला लागतो.

लग्नाच्या बाजारात आमचा भाव काय हे वेगळ्या धाग्यात लिहीन. पहिला प्रश्न 'पर्मनंट का?', दुसरा प्रश्न येतच नाही.

पेठेतला_कट्टेकरी

बरं, ओसाकावाल्यांचं ते फडक्याचं पटलं. आणि फिनलंडबद्दल एक गोष्ट मलाच सांगितली पाहिजे, कारण अर्धवट बोललो. १९७० च्या दशकात त्यांनी शाळेच्या आधीच्या दोन वेगवेगळ्या वाटा बंद करून सगळ्यांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा केली, उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेपर्यंत. श्रीमंताचं आणि गरिबाचं पोर एकाच बाईंकडे. मग त्या बाई चांगल्या असाव्यात ही सगळ्यांचीच गरज होते. आपल्याकडे मनपाच्या शाळेत कोण जातं? माझ्याकडे कामाला येतात त्या मावशींचा मुलगा. तिथले सर कसे शिकवतात हे मला आजवर एकदाही विचारावंसं वाटलं नाही, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

कोथरूडची_आई

सगळ्यांचे आभार, गुरुजी तुमची ती चौथीतली पोरगी डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

अपडेट देते. आज शाळा सुटताना बाईंना भेटले, ग्रुपमधलं काही न बोलता नुसतं विचारलं की तो नदीचा प्रश्न काय होता. म्हणाल्या, पाणी, मासे, होड्या हे त्याने छान लिहिलं होतं, पण गाळाची जमीन आणि शेती राहिली, ते त्याच्या लक्षात यावं म्हणून अर्धा कापून बाजूला दोन ओळी लिहिल्या होत्या. ग्रुपवर आलेल्या फोटोत त्या दोन ओळी नव्हत्या, फोटो कापलेला होता. प्रिन्सिपलकडे अकरा मेल गेले म्हणे. बाई चिडलेल्या वगैरे नव्हत्या, उलट माझ्या लेकीच्या अक्षराचं कौतुक केलं. जाता जाता म्हणाल्या, पुढच्या युनिट टेस्टला मोठे प्रश्न काढून टाकलेत, जोड्या लावा, रिकाम्या जागा आणि चूक की बरोबर, ह्यात वाद होत नाहीत.

हे ग्रुपवर टाकू का?

मावळातले_गुरुजी

टाका. पण रात्री पावणेअकराला नको.