दाब-स्प्रिंग हलकी करायची आहे: तारेचा व्यास बदलावा की वेढे?

प्रश्न (हिंगणा एमआयडीसी, नागपूर)

नमस्कार. मी एका छोट्या कारखान्यात फिक्स्चर डिझाइनचे काम करतो. एका इजेक्टरसाठी (तयार भाग बाहेर ढकलणाऱ्या यंत्रणेसाठी) दाब-स्प्रिंग हवी आहे. बसवलेल्या स्थितीत तिने २०० न्यूटन बल द्यावे आणि आणखी २० मिमी दाबल्यावर ४०० न्यूटन, म्हणजे कडकपणा १० न्यूटन प्रति मिमी. भोक ३६ मिमीचे आहे. ४ मिमीची म्युझिक वायर (उच्च ताकदीची पोलादी स्प्रिंग-तार), २८ मिमी सरासरी व्यास आणि साडेअकरा सक्रिय (प्रत्यक्ष दबणारे) वेढे घेतल्यास, दोन्ही टोके बंद आणि ग्राइंड केलेली धरून, वजन ११७ ग्रॅम आणि मोकळी लांबी सुमारे १०० मिमी येते. यंत्र दिवसभर चालते, त्यामुळे स्प्रिंग थकून तुटता कामा नये. एक्सेलमध्ये असंख्य जोड्या तपासल्या, पण वजन उतरले की ताण चढतो आणि मी पुन्हा ४ मिमीवर येतो.

उत्तर १

तसे होणारच, कारण वजन आणि ताण या ज्या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजत आहात त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. आपल्या स्प्रिंगला ४०० न्यूटनला ४० मिमी दबून ८ जूल ऊर्जा साठवायची आहे. त्यासाठी लागणाऱ्या सक्रिय तारेचे आकारमान ऊर्जेच्या सम प्रमाणात आणि कमाल कर्तन ताणाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. सूत्र मांडून पाहिल्यास व्यास आणि वेढे त्यातून गळून पडतात, आणि भूमितीचा प्रभाव उरतो तो केवळ वाल गुणकापुरता (वेढ्याच्या वक्रतेमुळे वाढणारा ताण धरणारा गुणक) आणि टोकांच्या दोन निष्क्रिय वेढ्यांपुरता. म्हणून खरा प्रश्न असा की, तार किती ताण सुखरूप सोसू शकेल?

आपल्या रचनेत कमाल ताण सुमारे ५४० मेगापास्कल आहे. तेवढ्याच सरासरी व्यासावर ३.५ मिमी तार आणि पावणेसात सक्रिय वेढे घेतल्यास कडकपणा तोच राहतो, ताण ७८८ होतो आणि वजन ५८ ग्रॅमवर येते. झिमर्ली या संशोधकाच्या स्प्रिंग-तारांवरील थकवा-प्रयोगांतील आकडे घेऊन गुडमन पद्धतीने (सरासरी आणि बदलता ताण एकत्र तपासून) हिशेब केला, तर साध्या तारेत ही स्प्रिंग दीर्घायुष्याच्या कसोटीला थोडक्यात उतरत नाही, मात्र शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छर्ऱ्यांचा मारा) केल्यावर सुरक्षा गुणक सुमारे १.३ मिळतो. आपल्या जाड स्प्रिंगचा गुणक पीनिंगशिवाय १.४ आहे. म्हणजे जवळपास तेवढ्याच भरवशावर निम्मे वजन, आणि लांबीही सुमारे ७७ मिमी.

उत्तर २

वरील हिशेब पटतो. मी स्प्रिंग गुंडाळण्याच्या कामात आहे, म्हणून त्यात थोडी भर घालतो. ताण सर्वाधिक असतो तो वेढ्याच्या आतल्या बाजूस, आणि पीनिंगचे छर्रे नेमके तिथेच पोहोचायला हवेत. आपल्या नव्या रचनेत दोन वेढ्यांमध्ये जवळपास ७ मिमी मोकळी जागा राहते, ती पुरेशी आहे. दाट पिचच्या (वेढे जवळजवळ असलेल्या) स्प्रिंगवर पीनिंगचे पैसे बरेचदा वाया जातात.

दुसरे असे की, ४०० न्यूटनच्या पुढे, पूर्ण मिटण्याआधी ६ मिमी जागा ठेवलेली असली, तरी चुकून स्प्रिंग पूर्ण मिटली तर ताण ९०० मेगापास्कलच्या वर जाईल. त्यामुळे ती आधी थोडी लांब गुंडाळून, ताणमुक्तीची उष्णता-प्रक्रिया आणि पीनिंग झाल्यावर, शेवटी पूर्ण मिटवून प्रीसेट करून घ्या, म्हणजे ती पुढे बसकी होणार नाही. झिंक प्लेटिंग मात्र टाळा. हायड्रोजनमुळे उच्च ताकदीची तार ठिसूळ होते, आणि प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत भाजण्याची काळजी सगळीकडे घेतली जातेच असे नाही. तेल लावून ठेवले तरी आतील कामाला पुरते. (उन्हाळ्यात नागपूरच्या ४५ अंशांची चिंता मात्र करू नये, या तारेला तो उष्मा जाणवतही नाही.)

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक शंका राहते: ४०० न्यूटनचा आकडा मीच ठरवलेला आहे, खरी गरज २०० न्यूटन आणि २० मिमी चालीची. कडकपणा ५ करून शेवटचे बल ३०० ठेवले, तर स्प्रिंग आणखी हलकी होईल ना?

उत्तर १

नाही, उलट जड होईल. तेव्हा ती ६० मिमी दबेल आणि ऊर्जा ९ जूल होईल. कडकपणा २० करून ६०० न्यूटनवर गेलात तरी ९ जूलच. सुरुवातीचे बल आणि चाल पक्की असल्यास शेवटचे बल सुरुवातीच्या दुप्पट ठेवल्यावर ऊर्जा सर्वांत कमी लागते, आणि आपण नेमके तिथेच उभे आहात. कडकपणा तसाच ठेवा, पीनिंगचा दर विचारा.