शब्दचर्चा : 'उपवासकाळ' म्हणावं की 'प्रायश्चित्तकाळ'?

प्रश्न : कॅथलिक चर्चमध्ये येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधी, राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या काळाला कुणी उपवासकाळ म्हणतं, कुणी प्रायश्चित्तकाळ. दोन्ही एकच का? आणि 'चाळीस दिवस' म्हणतात, पण मोजले तर चाळीस येत नाहीत.

उत्तर : काळ एकच, शब्दांचा रोख वेगळा. लॅटिन नाव आहे 'क्वाद्राजेसिमा', म्हणजे चाळिसावा. त्यात उपवासही नाही आणि प्रायश्चित्तही नाही, नुसती संख्या आहे. ती येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांची आठवण. मराठीत आशय आला, संख्या मागे राहिली.

मोजणी अशी : राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपवास धरत नाहीत. राहिले ४०. गोंधळ होतो तो पुढे. आजच्या नियमाप्रमाणे उपासनेतला हा काळ पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्साबलिदानापूर्वीच (मिस्सा हा चर्चचा मुख्य उपासनाविधी) संपतो. म्हणजे गुरुवार धरून ४४ दिवस. तिथून त्रिदिन, म्हणजे येशूचं शेवटचं भोजन, मरण आणि पुनरुत्थान यांचे तीन दिवस, सुरू होतं. उपवासाचे चाळीस आणि उपासनेचा काळ हे दोन वेगळे हिशेब आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात शोधलं की आकडा चुकतो.

पुरवणी, 'उपवास' या शब्दाबद्दल : मराठी कानाला उपवास म्हटलं की आधी पदार्थ आठवतात. काय चालतं, काय चालत नाही. चर्चच्या नियमात उपवास म्हणजे पदार्थ बदलणं नव्हे, प्रमाण कमी करणं : दिवसातून एकच पूर्ण जेवण, सकाळी आणि संध्याकाळी थोडंसं खायला हरकत नाही. पदार्थ सोडण्याला 'मांसवर्जन' हा वेगळा शब्द आहे आणि तो वेगळाच ठेवावा. मांसवर्जनात मासे, अंडी, दूध चालतं.

बंधनही सारखं नाही. सक्तीचे उपवास वर्षात दोनच : राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. या दोन्ही दिवशी मांसवर्जनही असतं. एरवी मांसवर्जन शुक्रवारचं, मात्र त्या शुक्रवारी महोत्सव (चर्चचा सर्वांत वरच्या दर्जाचा सण) आला तर ते सुटतं. शुक्रवारी त्याऐवजी दुसरी तपस्या किंवा दयाकृत्य ठरवून देण्याचा अधिकार धर्माध्यक्षांच्या (बिशपांच्या) परिषदेला आहे. वयाचं म्हणाल तर मांसवर्जन १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं. उपवास १८ पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि साठावं वर्ष लागलं की त्याचं बंधन उरत नाही. घरोघरी 'उपवास' हा एकच शब्द दोन्हींना वापरतात आणि मग वयस्कर आजीला उगाच अपराधी वाटत राहतं. शब्द नीट वापरला तर तिच्या मनावरचं ते ओझं उतरेल.

दुसरं मत : तरीही 'प्रायश्चित्तकाळ' जास्त पेलणारा शब्द आहे. राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात (मत्तय, अध्याय ६) दानधर्म, प्रार्थना आणि उपवास हे तिन्ही येतात. 'उपवासकाळ' म्हटलं की त्यातला एकच पाय उरतो. मात्र 'प्रायश्चित्त' शब्दातही एक अडचण आहे. आपण प्रायश्चित्त 'घेतो', 'भोगतो'. त्यात चुकीची भरपाई करून मोकळं होण्याचा सूर आहे. पापनिवेदनानंतर (कन्फेशननंतर) धर्मगुरू जे करायला सांगतात त्यालाही प्रायश्चित्तच म्हणतात, त्यामुळे तो सूर आणखी पक्का होतो. शुभवर्तमानांत यासाठी येणारा मूळ ग्रीक शब्द 'मेतानोइया' आहे : मन बदलणं. संदेष्टा योएल, ज्याचं वाचन त्याच दिवशी होतं, तो तर 'परत या' म्हणतो. परतणं हे क्रियापद किती साधं आणि किती जवळचं! प्रवचनात 'प्रायश्चित्त' म्हणताना शेजारी 'परतणं' ठेवलं तर शब्दातली शिक्षा मागे पडते आणि घराची वाट दिसते.

प्रश्न : राखेच्या बुधवारी कपाळावर लावतात ती 'राख' म्हणावी की 'भस्म'?

उत्तर : 'भस्म' शब्दाला पावित्र्य आधीच चिकटलेलं आहे. 'राख' म्हणजे जळून उरलेलं, कुणाला नको असलेलं. ती लावताना 'तू माती आहेस' असं ऐकवतात, तेव्हा 'राख'च योग्य. ती येते आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांतून. झावळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, नाहीतर अर्धवट जळून काळे धागे उरतात. पूर्ण जळल्या की राख थंड होऊ द्यायची, चुरायची आणि बारीक कापडातून गाळायची. कपाळावर चिकटत नाही म्हणून काही जण तिच्यात पाणी घालतात, ते मात्र करू नये. राखेत पाणी मिसळलं की क्षारयुक्त द्रव तयार होतो आणि कातडीला चरचरतं, क्वचित भाजतंही. कोरडीच लावावी. काही ठिकाणी कपाळावर क्रूस न काढता डोक्यावर चिमूटभर टाकतात, तेही नियमाला धरूनच आहे.

प्रश्न : प्रायश्चित्तकाळात धर्मगुरूंच्या उपासनावस्त्रांचा रंग जांभळा असतो. मग नाताळाआधीच्या आगमनकाळातही तो जांभळाच असतो, तोही प्रायश्चित्तकाळ का?

उत्तर : नाही. रंग एक, भाव वेगळा. आगमनकाळ आनंदाने वाट पाहण्याचा. दोन्ही काळांत रविवारी 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत गात नाहीत, पण 'आलेलुया' हा जयघोष आगमनकाळात चालू असतो, प्रायश्चित्तकाळात थांबतो. फरक ओळखायची ही सोपी खूण. 'आगमन' शब्द मराठीत नेमका बसला आहे : १६ डिसेंबरपर्यंत प्रभूच्या पुन्हा येण्याकडे जास्त लक्ष असतं, १७ पासून त्याच्या जन्माकडे.

जाता जाता 'सामान्यकाळ', म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेले आठवडे : लॅटिनमध्ये 'वर्षभरातला काळ' एवढंच म्हटलं आहे, तेव्हा यातला 'सामान्य' म्हणजे कमी महत्त्वाचा नव्हे. याचे आठवडे ३३ किंवा ३४. शेवटचा नेहमी चौतिसावा धरायचा आणि तिथून उलटं मोजायचं, त्यामुळे ३३ आठवड्यांच्या वर्षी मधला एक आठवडा गळतो. २०२५ मध्ये राखेच्या बुधवारपूर्वी आठवा आठवडा चालू होता आणि पेंटेकॉस्टनंतरच्या (पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशीच्या सणानंतरच्या) सोमवारी थेट दहावा लागला. वाचनांचं पान लावताना नववा शोधत बसू नये.