अ‍ॅटमॉस येत नाही? आधी केबल बघा

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅटमॉसचा (आवाज वरूनही येतोय असं वाटायला लावणाऱ्या डॉल्बीच्या तंत्राचा) साउंडबार ऑप्टिकल केबलने टीव्हीला जोडलाय आणि बारवर नुसतं 'डॉल्बी डिजिटल' दिसतं. बार बिचारा ठीक आहे. ऑप्टिकलमधून अ‍ॅटमॉस जातच नाही, ५.१पर्यंतच (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) तिची धाव. टीव्हीमागे ज्या एचडीएमआयवर एआरसी (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणारी सोय) किंवा ईएआरसी (तिचीच जास्त क्षमतेची आवृत्ती) लिहिलंय, बार तिथे लावा. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस सहसा डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या स्वरूपातून येतं, ते बऱ्याच टीव्हींवर साध्या एआरसीनेही मिळतं. ब्लू-रेचं ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेला आवाज) टीव्हीमार्गे न्यायचं तर मात्र ईएआरसीच हवं. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर (टीव्हीनेच उलगडून दिलेला साधा आवाज) अडकला असेल तर 'पासथ्रू' करा, म्हणजे तो जसाच्या तसा बारकडे जाईल. मी या एका सेटिंगपायी दोन रविवार घालवले, आणि त्याआधी लॅमिंग्टन रोडवरून सोनेरी टोकांची महागडी केबल आणली, ती वेगळीच.

विकत घेतलेला सिनेमा पेन ड्राइव्हवर कॉपी होत नाही म्हणताय, तर ड्राइव्ह बहुधा फॅट३२ (फाइल्स साठवायची जुनी पद्धत) असणार. त्यात ४ जीबीची एक अख्खी फाइलसुद्धा मावत नाही. टीव्ही वाचत असेल तर ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा, पण आधीचा डेटा काढून ठेवा, सगळं पुसलं जातं.

आणि दीड जीबीच्या फाइलवर '१०८०पी' लिहिलंय म्हणून हुरळू नका. ब्लू-रे डिस्क २५ किंवा ५० जीबीची असते. पिक्सेल तितकेच, पण लहान फाइल इतकी दाबलेली असते की अंधारातल्या दृश्यात चौकोनी ठोकळे दिसायला लागतात.

बाकी, खालच्या मजल्यावर आजी-आजोबा असतील तर सबवूफर जमिनीवर ठेवताना खाली जाड रबरी मॅट टाका.