घडीच्या पारंपरिक चाकूंसाठी मुठीचे साहित्य आणि पात्याचे पोलाद निवडताना मदत हवी आहे

नमस्कार.

गेली चार वर्षे मी खिशात मावणारे, जुन्या घडणीचे चाकू जमवत आहे. संग्रह लहान आहे. त्यात एकूण अकरा चाकू असून बहुतेक स्लिपजॉइंट प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांचे उघडलेले पाते कुलपाने अडकत नाही, तर पाठीकडच्या स्प्रिंगच्या दाबाने जागच्या जागी राहते. आतापर्यंत मूठ डोळ्यांत भरली की मी चाकू घेत असे आणि पोलादाची चौकशी नंतर करत असे. मूठ आणि पाते यांचा विचार असा वेगवेगळा करता येत नाही, हे एका नुकसानीनंतर माझ्या लक्षात आले.

सर्व चाकू मी एका बंद लाकडी पेटीत शेजारी शेजारी ठेवले होते. त्यांत कासवाच्या कवचासारखी दिसणारी मूठ असलेला एक जुना चाकू होता. विकणाऱ्याने ती मूठ प्लास्टिकची असल्याचे सांगितले होते आणि मीही अधिक विचारले नाही. दोन-तीन महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा आधी कापराचा आणि पाठोपाठ नाकाला झोंबणारा आंबूस वास आला. त्या चाकूचे पितळी अस्तर हिरवे पडले होते, पात्याचा मुठीत बसणारा भाग गंजाने खाल्ला होता आणि लगतच्या दोन चाकूंच्या कार्बन पोलादावरही तांबूस ठिपके उठले होते. पेटीच्या दुसऱ्या टोकाचे चाकू मात्र स्वच्छ होते.

नंतर कळले की ती मूठ सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते. जुने झाल्यावर त्याचे विघटन सुरू होते, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांचे आम्ल बनते. बंद पेटीत हे वायू साचून राहतात, त्यामुळे विघटन आणखी वेग घेते. जपण्यासाठी म्हणून मी ज्या पेटीचे झाकण घट्ट लावत होतो, तिनेच चाकूंचे नुकसान केले, याची मला फार हळहळ वाटते. तो चाकू आता वेगळ्या, हवा खेळत्या जागी आणि उष्णतेपासून दूर ठेवला आहे, कारण सेल्युलॉइड सहज पेट घेते. माझा पहिला प्रश्न याच चाकूबद्दल आहे: मुठीवर अजून तडे किंवा चिकटपणा दिसत नसला, तरी एकदा वास सुटल्यावर ती मूठ वाचण्याची आशा धरावी का, की बाजूच्या पट्ट्या काढून त्या जागी हाडाच्या बसवणे योग्य ठरेल? मूळ मूठ गेल्यास चाकूचे जुनेपणही जाते, म्हणून माझा हात धजत नाही.

दुसरा प्रश्न पुढच्या खरेदीचा आहे. हा चाकू मला रोज वापरायचा आहे: फळे कापणे, दोरी तोडणे, पेन्सिलीला टोक काढणे इतकेच काम, पण हवा वर्षातील बराच काळ दमट असते. १०९५ हे साधे कार्बन पोलाद माझ्या विशेष आवडीचे आहे. त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो, साध्या दगडावर ते लवकर पाजवता येते आणि वापरातून त्यावर निळसर-करडा थर चढत जातो, जो मला कोणत्याही नक्षीपेक्षा सुंदर वाटतो. उलट सँडविकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १२सी२७ या स्टेनलेस, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या पोलादामध्ये सुमारे १३.५ टक्के क्रोमियम असल्यामुळे ते गंजाला चांगले तोंड देते, आणि त्यातील कार्बाइडचे, म्हणजे कार्बनच्या कठीण संयुगांचे, कण बारीक असल्याने धारही सुबक लागते. डी२ या तिसऱ्या पोलादाचा विचार मी सोडून दिला आहे, कारण त्याची धार टिकते हे खरे असले तरी ते पाजवायला चिवट आहे आणि पूर्णपणे स्टेनलेसही नाही. अर्थात पोलादाच्या नावाइतकेच त्याला पाणी कसे दिले आहे हेही महत्त्वाचे, याची मला जाणीव आहे. ओपिनेल ही फ्रेंच कंपनी एकाच घडणीचा चाकू कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पोलादांत बनवते. ज्यांनी दोन्ही दीर्घकाळ वापरले असतील, त्यांचा अनुभव मला मोलाचा ठरेल.

मुठीच्या बाबतीत माझे मन खाचा पाडलेल्या, रंगवलेल्या हाडाकडे ओढ घेते. हाताला पकड मिळते आणि वापराने त्याला झळाळी येते. मात्र खिळ्यांभोवती त्याला केसासारखे तडे जातात, असे मी माझ्याच दोन चाकूंवर पाहिले आहे. म्हशीचे शिंग देखणे असते, पण ते केराटिनचे असल्यामुळे कोरड्या हवेत आकसते, वाकते आणि त्याला कीडही लागते. सांबराचे शिंग प्रत्यक्षात हाडच असल्याने अधिक टणक असते, परंतु वन्यजीवविषयक निर्बंधांमुळे त्याच्या वाटेला मी जाणार नाही. बीचच्या लाकडाची मूठ माझ्याकडे आहे आणि ओलाव्याने फुगून तिच्यात पाते अडकते. मायकार्टा, म्हणजे फिनॉलिक राळेत दाबलेले कापडाचे थर, या सर्व त्रासांतून मुक्त आहे, तरीही जुन्या घडणीच्या चाकूवर ते शोभेल का, याविषयी मन साशंक आहे.

म्हणून विचारतो: दमट हवेत रोजच्या वापरासाठी १०९५ आणि हाड ही जोडी निभावेल का, की १२सी२७ घेऊन मूठ तेवढी हाडाची ठेवावी? कार्बन पात्यावर मी सध्या खनिज तेलाचा पातळ हात फिरवतो, कारण खाद्यतेल कालांतराने चिकट होते, पण हेच तेल हाडाच्या खाचांत मुरून रंग बिघडवते का? शेवटची शंका त्या दोन डागाळलेल्या पात्यांची आहे. तांबूस गंज काढायलाच हवा, हे मला मान्य आहे. त्याखालचा जुना करडा थर न दुखावता तो कसा काढावा, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर सांगावे. तोपर्यंत मी त्या पात्यांना तेल लावून ठेवण्यापलीकडे काहीही करणार नाही.