कंट्रीतला काळोख: मुळातला की मागाहून रंगवलेला?

धागाकर्ता:
कंट्री, म्हणजे अमेरिकेचं ग्रामीण वळणाचं लोकप्रिय संगीत, म्हटलं की टोप्या, ट्रक आणि गोड प्रेमगीतं एवढंच आपल्यापर्यंत पोचतं. माझ्या मते ते वरचं पॉलिश आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात चेट अॅटकिन्स, ओवेन ब्रॅडली या नॅशव्हिलच्या (टेनेसी राज्यातलं कंट्रीचं केंद्र) रेकॉर्ड-निर्मात्यांनी फिडल (लोकशैलीतलं व्हायोलिन) आणि बँजो मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस आणला, तेव्हा ते चढलं. त्याखालचं ऐकायचं तर लूव्हिन ब्रदर्स या भावांच्या जोडीचं 'नॉक्सव्हिल गर्ल' (१९५६) घ्या; नॉक्सव्हिल हे टेनेसीतलंच गाव. प्रियकर मुलीला फिरायला नेतो, काठीने मारतो, प्रेत नदीत टाकतो. कारण शेवटपर्यंत कळत नाही. आणि चाल तीन मात्रांची, मेजरमधली (शुद्ध गांधाराची, उजळ), दोघा भावांचे गोड आवाज अगदी लगटून. अंगावर काटा येतो तो या गोडव्याने.

प्रतिसाद १:
'मुळातला' हे पटत नाही. ही कथा टेनेसीची नाहीच. ब्रिटनमधल्या जुन्या छापील खूनगाण्यांतून आली, वाटेत गावाचं नाव बदललं. शिवाय काळोखावर रंगही चढवला गेला. कंट्री गायक जॉनी कॅशची कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगातली मैफल १३ जानेवारी १९६८ची. तिच्या ध्वनिमुद्रणात 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मधल्या रीनो गावात माणूस मारल्याच्या ओळीवर कैद्यांचा जो जल्लोष ऐकू येतो, तो नंतर स्टुडिओत जोडलेला आहे.

प्रतिसाद २:
दोघेही शब्दांतच अडकलात. बँजोच्या ओपन जी जुळणीत (मोकळ्या तारांतूनच जी कॉर्ड वाजतो, जी म्हणजे सा) तारा सा-प-सा-ग-प अशा लागतात. दुसरी तार अर्धा सूर चढवा: गांधाराचा मध्यम होतो. हीच 'सॉमिल' जुळणी. मोकळ्या तारांत गांधारच उरत नाही, त्यामुळे मेजर की मायनर (कोमल गांधाराचं) ते ठरत नाही आणि गळ्याला कोमल-शुद्धच्या मधला गांधार लावायला जागा मिळते. बिघडतं ते साथीच्या गिटारमुळे. नेहमीचा जी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवला की शुद्ध गांधार घुसतो आणि सगळी धार जाते. उपाय: त्या कॉर्डमध्ये गिटारची पाचवी तार बोट नुसतं टेकवून मुकी करा, पहिल्या दोन्ही तारा तिसऱ्या पडद्यावर धरा. आता फक्त सा आणि प वाजतात.

प्रतिसाद १:
जुळणीचं मान्य. पण मरणाऱ्या बाईचं काय? १८६६मध्ये नॉर्थ कॅरोलायनात लॉरा फॉस्टरचा खून झाला, १८६८मध्ये टॉम डुलाला फाशी झाली. १९५८मध्ये याच घटनेवरचं, किंग्स्टन ट्रिओ या लोकगीत गाणाऱ्या त्रयीचं 'टॉम डूली' (डुलाचंच बदललेलं नाव) अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात मान खाली घालायला सांगतात ते टॉमला. लॉराचं नावसुद्धा येत नाही.

धागाकर्ता:
हा आक्षेप मोठा आहे, आणि तो 'नॉक्सव्हिल गर्ल'लाही लागतो. तिलाही नाव नाही, फक्त गाव आहे.