शब्दचर्चा: विज्ञान-श्रुतिकेतल्या 'त्या' आवाजांना मराठीत काय म्हणायचं?

गंगापूररोडकर

आमच्या नाशिकच्या गटाची नवी श्रुतिका विज्ञानकथेवर आहे. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर एक निरीक्षण केंद्र, तिथल्या यंत्रांवर रोज रात्री एक आवाज उमटतो आणि तो कुठून येतो ते शेवटपर्यंत कळत नाही. संहिता झाली, वाचनंही झाली. आता समासात सूचना लिहिताना अडलोय.

'साउंड इफेक्ट'ला 'ध्वनिप्रभाव' लिहिलं, तर आमच्यातल्या एकीने विचारलं, "हे ध्वनिप्रदूषणाचं काही आहे का?" 'ॲटमॉस्फेरिक म्युझिक'ला कुणी 'वातावरणीय संगीत' सुचवलं, त्यावर दुसरा म्हणाला, मग हवामान खात्याची परवानगी काढा. शिवाय या श्रुतिकेत आवाज कुठे संपतो आणि संगीत कुठे सुरू होतं हेच सांगता येत नाही. सगळं एकाच मुलीने सिंथेसायझर आणि लॅपटॉपवर केलंय. श्रेयनामावलीत तिच्या नावापुढे काय लिहायचं?

पंचवटीकर

एवढं अडायला काय झालं? 'पार्श्वसंगीत' लिहा आणि मोकळे व्हा. स्पर्धेच्या नाटकांना आम्ही तर नुसतं 'म्युझिक' म्हणतो. "म्युझिकला कोण बसलंय?" म्हणजे सनईपासून दाराच्या बेलपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात. बेल वाजली नाही तर शिव्याही त्यालाच.

सावानाचा वाचक

पंचवटीकर, नाटकात चालेल, पण इथे 'पार्श्व' हाच शब्द नडतो. पार्श्वसंगीत म्हणजे पुढे काहीतरी चाललंय आणि संगीत त्याच्या मागे उभं आहे. गंगापूररोडकरांच्या कथेत तो आवाज हेच मुख्य पात्र आहे. श्रुतिकेला पडदा नाही, नेपथ्य नाही. परग्रह दाखवायचा तर तो कानातच उभा करावा लागतो.

हा पेच जुना आहे आणि मराठीपुरता तर मुळीच नाही. 1956 साली 'फॉर्बिडन प्लॅनेट' हा अमेरिकन चित्रपट आला. त्यात वाद्यवृंद नव्हताच. बॅरन पती-पत्नींनी स्वतः जोडलेल्या व्हॉल्व्हच्या मंडलांतून (सर्किटांतून) सगळे आवाज काढले होते. काही मंडलं वाजता वाजता जळून जात आणि ती शेवटची तडफडही ते टेपवर धरून ठेवत. यानाचा आवाज, अदृश्य राक्षसाचा आवाज आणि दृश्यामागचं संगीत हे सगळं एकाच जातीचं. मग वादकांच्या संघटनेच्या धास्तीने श्रेयनामावलीत 'म्युझिक' हा शब्द टाळला गेला आणि 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असं काहीतरी लिहिलं. संगीत म्हटलं असतं तर संघटनेचे नियम लागले असते.

लंडनमध्ये याची दुसरी तऱ्हा झाली. बीबीसीने 1958 साली मेडा व्हेलच्या स्टुडिओत रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केलं. डॅफ्नी ओरॅम आणि डेस्मंड ब्रिस्को हे त्याचे सुरुवातीचे कर्ते. नावातला 'वर्कशॉप' शब्द बघा. त्याचं भाषांतर 'कार्यशाळा' करू नका, आपल्याकडे कार्यशाळा म्हणजे चहा, बिस्कीट आणि शेवटी प्रमाणपत्र. हे खरोखरचं वर्कशॉप होतं: कात्री, ब्लेड, टेपचे तुकडे, चाचणीसाठी बनवलेले ऑसिलेटर, म्हणजे एकच स्थिर स्वर काढणारी यंत्रं. 1963 साली 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेचं शीर्षकसंगीत तिथे बनलं. स्वरलेखन रॉन ग्रेनरचं, पण एकेक सूर घडवला डेलिया डर्बिशायरने. एक तार छेडून तिचा आवाज टेपवर घ्यायचा, टेपचा वेग बदलून हवा तो सूर मिळवायचा, तुकडा मोजून कापायचा, दुसऱ्याला चिकटवायचा. टेप सेकंदाला 15 इंच धावत असेल, तर एक इंच म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. ताल मोजायला पट्टी!

आता श्रेय. ग्रेनरची इच्छा होती की डर्बिशायरलाही संगीतकार म्हणून वाटा मिळावा. बीबीसीच्या नियमात ते बसेना, कारण ती कर्मचारी. पडद्यावर फक्त विभागाचं नाव आलं. तिचं स्वतःचं नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत झळकलं ते 2013 साली, पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. ती 2001 मध्येच गेली होती.

म्हणून माझं म्हणणं, समासातल्या सूचना दुय्यम आहेत. आधी त्या मुलीच्या नावापुढचा शब्द ठरवा. 'ध्वनिप्रभाव' लिहिलंत तर लोक समजतील तिने बटणं दाबली.

देवळालीकर

वाचक, श्रेयाचं पटलं, पण सूचना दुय्यम नाहीत हो. मी आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत मोठी झाले. कागदावर नेमकं क्रियापद नसेल तर मशीनवर बसलेला माणूस आपल्या मनाचं काहीतरी वाजवतो. आणि आवाजांच्या शब्दांत मराठी एवढी श्रीमंत आहे की ऑसिलेटरलासुद्धा कमी पडायची नाही. फक्त जपून वापरायचे.

उदाहरणार्थ, 'यानाची घरघर'. सगळे लिहितात. जात्याची घरघर ठीक, पण माणसाला किंवा संस्थेला 'घरघर लागली' म्हणजे तो शेवटचा श्वास. यान बंद पडणार असेल तरच लिहा. चालू यान घोंघावतं. त्याहून मोठं असेल तर रोंरावतं.

'बेसूर' आणि 'भेसूर' यांची गल्लतही फार होते. बेसूर म्हणजे सूर चुकलेला, तो गाणाऱ्याचा दोष. भेसूर म्हणजे ऐकून अंगावर काटा यावा असा, आणि तो मुद्दाम साधलेला असू शकतो. विज्ञानकथेला भेसूर हवं, बेसूर नको.

सिडकोकर

एक बाळबोध शंका. अंतराळात हवा नाही, मग आवाज कुठून येणार? यान घोंघावेल कसं?

देवळालीकर

ही शंका कुणीतरी काढतंच. यानाच्या आत हवा असते, आत बसलेल्याला ऐकू येतं. बाहेरच्या प्रसंगात खरंच काही वाजवू नका. फक्त तिथे 'शुकशुकाट' लिहू नका, आमच्या गटात एकाने लिहिलं होतं. जिथे माणसं असायला हवीत आणि नाहीत, तिथे शुकशुकाट असतो. दुपारी दोन वाजता मेनरोडवर शुकशुकाट. शनीच्या कड्यांपाशी गर्दीची अपेक्षाच नाही, तिथे 'निःशब्द' बरं.

ओझरकर

विमानाच्या कारखान्यात नोकरी झाली, त्यामुळे रोंरावण्याबद्दल देवळालीकर ताईंशी सहमत. बेसूर-भेसूरमागे थोडं गणितही आहे, ते सांगतो.

वाचकांनी सांगितलेल्या 'डॉक्टर हू' मालिकेतल्या डालेक या यंत्रजीवांचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून काढला जातो. नटाचा आवाज एका बाजूने, दुसऱ्या बाजूने साधारण 30 हर्ट्झचा स्थिर स्वर. बाहेर येतात ते दोघांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वर. म्हणजे गळ्यातून 400 गेलं तर बाहेर 430 आणि 370. माणसाच्या आवाजात मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर असतात, म्हणून तो गोड लागतो. ही बेरीज-वजाबाकी झाली की ते नातं तुटतं. कानाला माणूस ओळखू येतो पण सूर ओळखू येत नाही. शब्द मात्र समजतात, श्रुतिकेला तेच हवं.

म्हणून 'यांत्रिक आवाज' ही सूचना अपुरी आहे. घड्याळही यांत्रिक आणि पिठाची गिरणीही. 'तुटक' लिहायचं की 'थरथरता' की 'धातूसारखा', ते ठरवा. 30 हर्ट्झला थरथर जाणवते. वारंवारता वाढवत नेली की थरथर जाऊन टणटणीत घंटेसारखा नाद येतो.

हवेत घुमणारा विजेचा आवाज हवा असेल तर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बाजूला एखाद्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ, कुंपणाबाहेर, उभे राहा. वीज 50 हर्ट्झची, पण गाभ्याचं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतं, म्हणून ऐकू येतो तो 100 हर्ट्झचा घूंकार. सिंथेसायझरला उगाच त्रास कशाला?

पंचवटीकर

काका, 'घूंकार' कोशात आहे का?

ओझरकर

हुंकार आहे, टणत्कार आहे, झंकार आहे. हाही जाऊन बसेल.

कापडपेठेतली तानपुरेवाली

उशिरा आले चर्चेत. 'रिव्हर्ब' आणि 'एको' या दोघांना सगळे 'प्रतिध्वनी' म्हणतात, त्याने आमच्यासारख्यांचे कान दुखतात. शाळेच्या पुस्तकातला फरक आठवा. परत आलेला आवाज वेगळा ऐकू यायला सेकंदाचा दहावा भाग तरी मध्ये जावा लागतो, म्हणजे भिंत किमान 17 मीटर दूर हवी. तो प्रतिध्वनी. त्याहून लवकर परत येणारे आवाज एकमेकांत मिसळून शेपूट लांबवतात, त्याला पुस्तकात 'निनाद' म्हटलंय. गाणारे-वाजवणारे 'घुमारा' म्हणतात: डग्ग्याला घुमारा आहे, खोलीला घुमारा आहे. समासात 'घुमारा वाढवत न्या' लिहिलं तर मशीनवरच्या मुलीला नेमकं कळेल.

तारेचा आवाज टिकून राहतो ती 'आस'. तानपुऱ्याच्या घोडीवर तार हलकेच घासून जो झिणझिणता नाद निघतो ती 'जवारी'. सिंथेसायझरवाले फिल्टर हळूहळू उघडतात तेव्हा उपस्वर एकेक करून वर येतात, ते जवारीच्या फार जवळचं आहे. 'जवारी उघडी', 'जवारी बंद' असं आम्ही म्हणतोच. त्याच सूचना तिला द्या. नवे शब्द घडवण्याआधी रियाजाच्या खोलीत डोकावायला काय हरकत आहे?

सिडकोकर

पण हे सगळं परदेशी यंत्रांचं. त्याला तानपुऱ्याचे शब्द ओढूनताणून लावल्यासारखे नाहीत वाटत?

सावानाचा वाचक

यंत्र परदेशी, कान नाही. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर येऊन बसला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो स्टुडिओ मांडून दिला. पुढची तीनेक वर्षं तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी टेपा भरल्या. जोशीपुरांच्या एका रचनेचं नाव 'स्पेस लायनर 2001'. थेट आपल्या विषयातलं. त्या टेपा कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. आता त्यातल्या निवडक ऐकायला मिळतात, जरूर ऐका.

'डॉक्टर हू'मधल्या टार्डिस या कालयानाचा तो प्रसिद्ध आवाज तर ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून मिळवला. तेव्हा नाशकात यंत्र नसेल तर भांडीबाजारातून पितळेची एक परात आणा. टेपचा वेग कमी केला, म्हणजे आता लॅपटॉपवर ताणलं, की तिच्यातून काय निघेल सांगता येत नाही.

गंगापूररोडकर

घुमारा, जवारी, घोंघावणं घेतलं. रेडिओच्या दोन स्टेशनांमधल्या आवाजाला कुणी 'श्वेत रव' सुचवत होतं, तिथे सरळ 'खरखर' लिहिलं, सगळ्यांना एका झटक्यात समजलं. आता तिच्या नावापुढचा शब्द. नाटकात 'प्रकाशयोजना' म्हणतो, त्याच्या जोडीला 'ध्वनियोजना' कसं वाटतं? चित्रपटवाले 'ध्वनिआरेखन' म्हणतात, पण ते बांधकाम परवानगीचं वाटतं.

पंचवटीकर

'ध्वनियोजना' म्हटलं की मंडपवाला आणि त्याचे भोंगे डोळ्यांसमोर येतात. गणपतीत रिक्षावर लिहिलेलं असतं, 'मंडप, लाइट व ध्वनियोजना'.

कापडपेठेतली तानपुरेवाली

मग 'नादयोजना'. 'ध्वनी'त नुसता आवाज येतो, 'संगीता'त सूर-ताल आलेच पाहिजेत. 'नादा'त दोन्ही मावतं. बॅरन दांपत्याला जे लपवून लिहावं लागलं, ते इथे उघड लिहिता येतं.

सिडकोकर

नाद! नाद करायचा नाय! लोक हसतील.

देवळालीकर

हसू देत. ज्याला छंदाचा नाद आठवेल त्याला आठवो. भगूरच्या सावरकरांनी 'बोलपट' आणि 'दिग्दर्शक' काढले तेव्हाही लोक हसलेच असतील, आणि भगूर आमच्या देवळालीच्या शेजारचं, तेव्हा नवा शब्द काढायचा आमचा हक्क आहे. माझी एकच अट: 'नादयोजना' लिहिलंत तर खाली पुन्हा 'पार्श्वसंगीत' म्हणून दुसरी ओळ टाकू नका. नाहीतर आधीचा शब्द आपोआप 'बेल वाजवणारी' या अर्थावर येईल.

ओझरकर

आणि वाचनाच्या वेळी निवेदकाला सांगा, 'नाद' आणि 'योजना' यांच्यात थांबू नको. थांबला तर सरकारी योजना वाटेल.

गंगापूररोडकर

ठरलं, एकच ओळ, 'नादयोजना'. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "शब्द काहीही लिहा, पण नाव लेखकाच्या खाली लगेच यायला हवं, तंत्रज्ञांच्या यादीत नको." त्यावर आमच्या दिग्दर्शकाचं वेगळं म्हणणं आहे, पण तो वाद आम्ही गटातच मिटवू.